सिस्टरने विचारलेले तीन प्रश्न

दुखानमध्ये राहणाऱ्या माणसाचा डॉक्टरशी संबंध क्वचित येतो, सिस्टरशी मात्र वारंवार येतो. रक्तदाब मोजायचा, मुलाला लस द्यायची, जखमेची पट्टी बदलायची, सुट्टीवरून येताना आणलेले एखादे इंजेक्शन टोचून घ्यायचे, ही सगळी कामे तीच करते. आपण तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. मीही देत नव्हतो. गेल्या वर्षी अशाच एका सिस्टरने मला तीन प्रश्न विचारले आणि एका मोठ्या चुकीपासून वाचवले. विषय थोडा संकोचाचा आहे. आपल्या मंडळात मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवर मंडळी मोकळेपणाने बोलतात, या विषयावर कोणी बोलत नाही. म्हणूनच लिहितो आहे.

झाले असे की उन्हाळी सुट्टीत पुण्याला गेलो होतो. वर्षभर थकवा जाणवत होता. संगणक प्रणाली सांभाळण्याचे काम, त्यामुळे रात्री-अपरात्री फोन येतात आणि उठून बसावे लागते. वजन नऊ किलोंनी वाढले होते. सौ. म्हणाल्या, "अहो, आलोच आहोत तर सगळ्या तपासण्या करून घ्या." एका ठिकाणी पुरुषांसाठीचे तपासणी पॅकेज होते, ते घेतले. रक्त दिले दुपारी साडेचार वाजता, तेही सासुरवाडीची पुरणपोळी खाऊन, आदल्या रात्रीच्या विमान प्रवासाचे जागरण डोळ्यांत असताना. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉनचा आकडा २४१, आणि त्यापुढे लाल बाण.

तिथल्या टेबलावर पांढरा कोट घातलेले एक सल्लागार होते. ते डॉक्टर नव्हते, हे मला नंतर कळले. "सर, तुमच्या थकव्याचे मूळ हेच," असे त्यांनी सांगितले आणि सहा महिन्यांच्या इंजेक्शनांची छापील चिठ्ठी हातात ठेवली. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आधीच झालेली होती. डॉक्टरांचे तोंड मी पाहिले नाही. पहिली दोन इंजेक्शने विकत घेतली आणि चिठ्ठीसह इकडे घेऊन आलो.

दुखानला परत आल्यावर दवाखान्यात जाऊन सिस्टरला म्हटले, एवढे टोचून द्या. तिने चिठ्ठी वाचली, रिपोर्ट वाचला आणि विचारले, "रक्त किती वाजता घेतले होते?" मग, "पुन्हा एकदा तपासले होते का?" आणि शेवटी, जरा थांबून, "सर, तुम्हाला अजून मूल हवे आहे का?"

आमचे एक मूल आहे आणि दुसऱ्यासाठी आम्ही वर्षभर प्रयत्न करत होतो. मी तसे सांगितले. तिने इंजेक्शनची पिशवी माझ्या हातात परत दिली. "इथल्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी हे देणार नाही. आमचा नियम आहे," एवढेच म्हणाली आणि डॉक्टरांची वेळ लिहून दिली.

हे टेस्टोस्टेरॉन म्हणजे काय?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांच्या शरीरातील मुख्य संप्रेरक. ते प्रामुख्याने वृषणात तयार होते. १९३५ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी कृत्रिमरीत्या तयारही झाले. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, हाडांची बळकटी, कामेच्छा, तांबड्या पेशींची निर्मिती अशी त्याची अनेक कामे आहेत. किती तयार करायचे हा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून येतो. रक्तातील प्रमाण वाढले की हुकूम कमी होतो, प्रमाण घटले की वाढतो. एअरकंडिशनरच्या थर्मोस्टॅटसारखीच ही रचना आहे.

काही पुरुषांत हे संप्रेरक खरोखरच कमी पडते. वृषणांचे किंवा पियुषिकेचे आजार, जन्मजात दोष, कर्करोगावरचे उपचार अशी त्याची कारणे असतात. अशा रुग्णांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्याने मोठा फायदा होतो. त्यांच्यासाठी हा उपचार चैनीचा नाही, गरजेचा आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

अडचण येते ती माझ्यासारख्यांच्या बाबतीत. हे प्रमाण सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात उतरत जाते. जेवणानंतर, विशेषतः गोड खाल्ल्यावर, ते आणखी खाली येते. जागरण, आजारपण, लठ्ठपणा आणि काही औषधे यांनीही घटते. म्हणून तपासणी सकाळी, शक्यतो उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करावी, असा नियम आहे. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन्ही वेळा आकडा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल आणि सोबत लक्षणेही असतील, तरच कमतरता म्हणायची. नुसता आकडा पुरत नाही आणि नुसता थकवाही पुरत नाही. दुखानमध्ये पाळीने काम करणाऱ्यांनी तर आपली झोपेची वेळ आवर्जून सांगावी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची सकाळ ही त्याच्या शरीराची सकाळ नसते.

माझी तपासणी इथे पुन्हा झाली, सकाळी सव्वासात वाजता, उपाशीपोटी. रिपोर्टवर आकडा होता १५.९. मी हादरलो. कुठे २४१ आणि कुठे १५! सिस्टरला हसू आले. पुण्याचा आकडा नॅनोग्रॅममध्ये होता आणि इथला नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. नॅनोमोलला साधारण २८.८ ने गुणले की नॅनोग्रॅमचा आकडा मिळतो. म्हणजे माझे १५.९ हे ४५८ च्या आसपास होते, अगदी व्यवस्थित. एककांच्या अशाच घोळामुळे १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे पाठवलेले यान नष्ट झाले होते, ही गोष्ट आम्हां अभियंत्यांना कॉलेजात सांगतात. स्वतःच्या रिपोर्टवर मात्र ती आठवली नाही. दोन आठवड्यांनी केलेली तपासणीही ठीक आली. डॉक्टरांनी औषध दिले नाही. झोप, वजन आणि चालणे यांवर भर द्यायला सांगितले.

बाहेरून घेतले की आतले बंद

सिस्टरचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. पुष्कळांची समजूत अशी की टेस्टोस्टेरॉन घेतले की पौरुष वाढते, म्हणजे मूल होण्याची शक्यताही वाढते. प्रत्यक्षात उलटे होते. बाहेरून संप्रेरक मिळाले की पियुषिकेला वाटते की भरपूर आहे, आणि ती वृषणाला हुकूम देणे थांबवते. त्याबरोबर शुक्राणूंची निर्मितीही मंदावते किंवा पूर्ण थांबते.

हा परिणाम इतका खात्रीचा आहे की टेस्टोस्टेरॉन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांत केलेला असा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले गेले. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यातील शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला कित्येक महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षेही लागतात. ज्या जोडप्यात बायकोचे वय पस्तिशीच्या पुढे आहे, त्यांच्यासाठी ही दोन वर्षे फार मोठी आहेत. मूल हवे असलेल्या पुरुषाला हा उपचार सुरू करू नये, असे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे. मला त्या टेबलावर हे कोणी विचारले नाही.

डॉक्टर नाहीत, तरीही

आता या लेखाचा खरा मुद्दा. पुण्याचे सल्लागार डॉक्टर नव्हते. दुखानची सिस्टरही डॉक्टर नाही. मग एकाने चूक केली आणि दुसरीने वाचवले, यातला फरक कशात होता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बरेच वाचले, त्यातले थोडे सांगतो.

आपल्याकडे डॉक्टरांच्या जोडीला इतरांनी रुग्ण सांभाळणे नवीन नाही. जुन्या पिढीला कंपाउंडर आठवत असेल. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून तो डोस दाखवायचा. पण तो डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर जात नसे. त्याहून मोठे उदाहरण अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले आणि खेड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने त्यापुढचे पाऊल टाकले. गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी करायला, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ज्या ३९ गावांत हे काम झाले, तिथे नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. डॉक्टर पोहोचत नव्हते तिथे गावातल्या बाईने बाळे वाचवली. पण तिला काय पाहायचे ते नेमके लिहून दिले होते, तिचे शिक्षण घेतले गेले होते आणि तिच्या कामावर सतत देखरेख होती.

अमेरिकेत १९६५ साली दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 'फिजिशियन असिस्टंट'चा. आज तिथे हे दोन्ही वर्ग रुग्ण तपासतात आणि औषधेही लिहून देतात. टेस्टोस्टेरॉन हे तिथे १९९० च्या कायद्याने नियंत्रित औषधांच्या यादीत गेले, तरी राज्याच्या नियमांत बसून आणि वेगळी नोंदणी करून हे लोक तेही लिहू शकतात. अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्वतंत्र काम करतात. ब्रिटनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि औषधनिर्माते यांना २००६ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहिण्याचे बरेच व्यापक अधिकार आहेत.

महाराष्ट्रात हा विषय अजून तापलेला आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्याची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असा निर्णय दिला. पुढे २०१४ साली राज्याने कायद्यात बदल करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना ठरावीक ॲलोपॅथी औषधांची वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ साली वाद पेटला आणि सप्टेंबरात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर एक दिवसाचा संप केला. एक बाजू म्हणते खेड्यात डॉक्टर नाहीत, दुसरी म्हणते एका वर्षात औषधशास्त्र येत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

मला या सगळ्यातून एक गोष्ट दिसली. नुसत्या पदवीवर निकाल लागत नाही. त्या माणसाला या विशिष्ट कामाचे शिक्षण आहे का, लेखी नियमावली आहे का, आपली मर्यादा त्याला ठाऊक आहे का, आणि मर्यादा आली की पुढे पाठवायला डॉक्टर आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. सिस्टरजवळ चारही होते. त्या सल्लागारांजवळ फक्त विक्रीचे उद्दिष्ट होते. आणि खरे सांगायचे तर, न पाहता सही करणाऱ्या डॉक्टरांची पदवीही तिथे कामाला आली नाही.

या उपचारात कोणाचे काम काय

निदान करणे, कारण शोधणे आणि औषध द्यायचे की नाही हे ठरवणे डॉक्टरांचे काम. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग, घट्ट झालेले रक्त, झोपेत श्वास अडखळण्याचा उपचार न केलेला गंभीर त्रास, ताब्यात नसलेला हृदयविकार, गेल्या सहा महिन्यांत आलेला हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका, यांपैकी काही असेल तर हे औषध सुरू करत नाहीत. हा निर्णय दुसऱ्या कोणावर सोपवू नये, निदान जिथे दुसऱ्या कोणाला तसे शिक्षण आणि अधिकार नाहीत तिथे तरी.

पण एकदा उपचार ठरला की पुढची वर्षानुवर्षांची देखभाल परिचारिका आणि औषधनिर्माते फार चांगली करू शकतात. किंबहुना ते काम त्यांच्याच स्वभावाला जुळते, कारण त्यात ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट न विसरता करायची असते.

इंजेक्शन देणे हेच पाहा. दीर्घकाळ टिकणारे जे इंजेक्शन साधारण दहा ते चौदा आठवड्यांतून एकदा देतात, ते चार मिलिलिटर तेलकट द्रव असते. ते नितंबाच्या स्नायूत सावकाश, सुमारे दोन मिनिटे घेऊन द्यावे लागते. घाईने दिले किंवा रक्तवाहिनीत गेले तर खोकला, दम लागणे असे प्रकार होऊ शकतात. म्हणून नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात. जेल वापरणाऱ्याला औषधनिर्मात्याने सांगायला हवे की लावल्यावर हात धुवा, जागा कपड्याने झाका आणि मूल किंवा बायको त्या जागेला लागू देऊ नका. लहान मुलांना ते लागून अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्याची उदाहरणे आहेत.

तिसरे काम तपासण्यांचे. उपचार सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी संप्रेरकाचे प्रमाण आणि रक्ताचा घट्टपणा दाखवणारे हिमॅटोक्रिट पाहायचे. वयानुसार प्रोस्टेटची पीएसए तपासणीही असते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचे. कतारच्या उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी होते आणि त्यानेही हा आकडा वर जातो. तपासणीला येताना भरपूर पाणी पिऊन या, हे सांगणारी सिस्टर मोलाची.

या औषधाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात, म्हणून संशोधनाचेही सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५ ते ८० वर्षांच्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, खरी कमतरता असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्याने हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके वाढले नाहीत. मात्र हृदयाची लय बिघडणे, फुप्फुसात गुठळी जाणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे, हे प्रकार थोडे जास्त आढळले. आणि २०१६ च्या ज्येष्ठ पुरुषांवरील अभ्यासात कामेच्छा सुधारली, पण थकव्यावर म्हणावा तसा फरक पडला नाही. मी तर थकवा जाईल म्हणूनच घ्यायला निघालो होतो!

खर्चाचा हिशोब

आपल्या या सदरात पैशाचेही बोलायचे असते. इंजेक्शनची किंमत हा खर्चाचा लहान भाग. सुरू केलेला उपचार बहुधा वर्षानुवर्षे चालतो, त्याबरोबर दरवर्षीच्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी. मध्येच सोडला तर आतली निर्मिती पूर्ववत होईपर्यंत आधीपेक्षा जास्त थकवा जाणवतो, म्हणजे सोडणेही सोपे नाही. शुक्राणू गेले तर पुढे वंध्यत्वाचे उपचार येतात, आणि भारतातल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसीत ते वगळलेले असतात. गावाकडे पॉलिसी घेताना चालू उपचार अर्जात लपवू नका. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला आहे. तो काढता येतो, पण माहिती लपवल्याचे निघाले तर दावा नाकारला जाऊ शकतो. इथल्या कंपनीच्या विम्यात हा उपचार बसतो का, हे सुरू करण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

सुट्टीवर जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा

१. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी, नीट झोप झाल्यावर. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी नको.

२. एका रिपोर्टवर औषध नको. रिपोर्टवरचे एकक वाचा.

३. मूल हवे असेल तर ते आधी सांगा, कोणी विचारो न विचारो.

४. ज्याने तपासले नाही त्याच्या सहीचे औषध घेऊ नका. व्यायामशाळेत मिळणारे तर मुळीच नको.

५. औषध इकडे आणायचे असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच, आणि ते आणायला परवानगी आहे का हे निघण्यापूर्वी पाहा.

६. सिस्टर किंवा फार्मासिस्ट प्रश्न विचारत असेल तर "तुम्ही फक्त टोचा" असे म्हणू नका.

शेवटची सूचना मी स्वतःलाच दिलेली आहे, कारण त्या दिवशी माझ्या तोंडातून जवळजवळ तेच वाक्य निघणार होते.

ती दोन इंजेक्शने दवाखान्यातच जमा केली, त्यांचे पैसे वाया गेले. वजन आतापर्यंत पाच किलोंनी उतरले आहे. रात्रीचे फोन आम्ही तिघा सहकाऱ्यांनी वाटून घेतले आहेत, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस तरी सलग झोप मिळते आणि दुपारची मरगळ बरीच कमी झाली आहे. दुसऱ्या मुलाचे अजून जमलेले नाही. पण निदान माझ्या हाताने ती वाट बंद झाली नाही, याचे समाधान आहे. परवा रक्तदाब मोजायला गेलो होतो तेव्हा सिस्टरचे आभार मानले. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. ती म्हणाली, "सर, ते तर आम्ही सगळ्यांनाच विचारतो."

(लेखक व्यवसायाने संगणक अभियंता आहेत, डॉक्टर नाहीत. लेखातील माहिती वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. आपल्या तक्रारींसाठी आपल्या डॉक्टरांना भेटावे.)